दहा प्रयोगांवर अख्ख्या मंडळाचा पीकविमा ठरावा का?

संख्याशास्त्राची अध्यापिका: “महसूल मंडळात दहा पीक कापणी प्रयोग करून हजारो हेक्टरांचे उत्पादन सांगणे ही शुद्ध फसवणूक आहे,” या कालच्या पोस्टला मिळालेली वाहवा पाहून लिहिल्यावाचून राहवले नाही. पीक कापणी प्रयोग म्हणजे निवडलेल्या शेतातील ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजणे; त्यांच्या सरासरीवर मंडळातील, म्हणजे गावांच्या गटातील, सर्वांची विमा भरपाई ठरते. अंदाजाचा नेमकेपणा मंडळाच्या विस्तारावर नव्हे, तर प्रयोगांच्या संख्येवर आणि शेताशेतांतील तफावतीवर ठरतो. शेते मर्जीने निवडली, तर शंभर प्रयोगही निरुपयोगी ठरतील.

नदीकाठचा सोयाबीन उत्पादक: तफावत हेच तर आमचे दुखणे आहे. पुरात माझ्या शेंगा झाडावरच कुजल्या, माळावरच्यांचे पीक साधले, आणि मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाच्या, म्हणजे ज्याखाली गेले तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या, वर गेल्याने मला छदामही मिळाला नाही. उंबरठा तरी केवढा, तर सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे 70 टक्के! त्यात 2025 च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीची, म्हणजे पुरासारख्या संकटात एकेका शेताचे नुकसान पाहून मिळणारी, भरपाईही वगळली, म्हणजे सगळी भिस्त याच आकड्यावर.

निवृत्त कृषी सहायक: आकडा बांधावर कसा जन्मतो, ते कोणीच बोलत नाही. दहा मीटर बाय पाच मीटरची दोरी ताणली की दोरीवर आलेले रोप आत धरायचे की बाहेर, यावरून वाद पेटतो. विमा प्रतिनिधीला ते आत हवे असते, शेतकऱ्याला बाहेर. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे 1940 च्या दशकात हेच सांगत होते, की प्लॉट जितका लहान, तितकी कडेची रोपे आत येऊन उत्पादन फुगते.

अध्यापिका: ही अर्धीच बाजू झाली. त्याच काळातले दुसरे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचे म्हणणे असे होते, की प्रशिक्षित माणसांनी लहान कापण्या अनेक ठिकाणी घेतल्या, तर अधिक शेते नमुन्यात येतात. सुखात्म्यांनी कापणी महसूल यंत्रणेच्या हाती ठेवली आणि तलाठ्याच्या इतर कामांचे ओझे या कामावर आले.

सहायक: भर उन्हात मळणी होऊन वजन होईपर्यंत आम्हीच उभे राहिलो. वर्गात बसून आमच्या यंत्रणेला नावे ठेवू नका.

उत्पादक: आपण दोघे ऐंशी वर्षांपूर्वीचा वाद उकरत आहात. दोरी लांब असो वा आखूड, माझ्या शेतापर्यंत ती आलीच नाही.

अध्यापिका: एवढे मान्य करावेच लागेल, की मंडळाची सरासरी एका शेताचे नुकसान मोजत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. दोष नमुना पद्धतीचा नसून सरासरीला भरपाईचा एकमेव निकष करणाऱ्या धोरणाचा आहे.

उत्पादक: मग कालच्या पोस्टवर तुटून पडण्याआधी हेच लिहायचे होते. गाव हा घटक धरा आणि पुराचे पंचनामे पुन्हा विम्यात आणा.

सहायक: गाव घटक धरला, तर गावागणिक चार प्रयोग करावे लागतील. आधी रिक्त पदे भरा, नाहीतर तेही कागदावरच होतील.