इंग्रजीतला 'नियम' म्हणजे नक्की काय? नियम, पद्धत की सवय

प्रश्न

गेली १२ वर्षं मी मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते आहे. मार्चमध्ये एका संस्थेचा अहवाल करून दिला. तपासून परत आला तेव्हा यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधीचा प्रत्येक स्वल्पविराम लाल रेघेने उडवलेला होता आणि समासात शेरा होता, 'व्याकरणाची चूक'. आधीच्या कामात दुसऱ्या एका संपादकांनी तोच स्वल्पविराम मला जागोजागी घालायला लावला होता, शेरा तोच. दोघंही अनुभवी, दोघांबद्दल मला आदर आहे. मग चूक नेमकी कोणाची?

घरी भाचीचं तिसरंच काहीतरी. मी तिला 'ओके' लिहून पुढे पूर्णविराम दिला की ती लगेच विचारते, 'मावशी, रागावलीस का?'

रूल, कन्व्हेन्शन, स्टाइल या तिन्हींना आपण सरसकट 'नियम' म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो असं मला वाटतं. 'हाउस स्टाइल'ला, म्हणजे एखाद्या प्रकाशनाने स्वतःपुरत्या ठरवलेल्या लेखनरीतीला, तुम्ही मराठीत काय म्हणता?

प्रतिसाद

ताई, इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर माझी २६ वर्षं गेली, म्हणून लिहितो.

'नियम' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम येतात. १९६२ मध्ये १४ झाले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढले, सरकारने ते स्वीकारले, पाठ्यपुस्तकं त्याबरहुकूम निघाली. पटोत न पटोत, बोट दाखवायला एक जागा आहे. इंग्रजीला अशी जागा कधीच नव्हती. भाषा पक्की करण्यासाठी एक मंडळ नेमा, अशी मागणी जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये छापून केली होती. ते मंडळ झालंच नाही. मग छापखाने, वर्तमानपत्रं आणि कोशकार आपापल्या घरापुरतं ठरवत गेले.

तुमचा स्वल्पविराम त्यातलाच. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे प्रमुख होरेस हार्ट यांनी आपल्या अक्षरजुळाऱ्यांसाठी १८९३ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. बाहेरच्यांना ती विकत मिळू लागली १९०४ मध्ये. त्या छापखान्याची ही रीत, म्हणून नाव पडलं ऑक्सफर्ड कॉमा. शिकागो विद्यापीठाची शैलीपुस्तिका तो घालायला सांगते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची पुस्तिका साध्या यादीत तो नको म्हणते. दोन्ही अमेरिकेतल्याच. तुमच्या दोन्ही संपादकांची रीत बरोबर आहे, दोघांचा शेरा चुकीचा आहे.

शिवाय ही घरंही एका जागी थांबलेली नाहीत. 'ई-मेल'मधलं संयोगचिन्ह असोसिएटेड प्रेसने २०११ मध्ये काढलं, 'इंटरनेट'चं मोठं अक्षर २०१६ मध्ये लहान केलं. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या २००७ च्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांमधली संयोगचिन्हं गेली. 'आइस क्रीम' सुटा झाला, 'बंबलबी' जोडून आला. त्याच्या आदल्या वर्षी ज्या मुलाचा गुण या चिन्हावाचून कापला गेला असेल, त्याला काय सांगायचं?

सवय ही आणखी वेगळी. टायपिंगच्या क्लासला आम्हाला पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायला शिकवलं. यंत्रावर 'आय'ला आणि 'डब्ल्यू'ला सारखीच रुंदी मिळायची, त्यामुळे वाक्य कुठे संपलं ते नजरेला कळावं म्हणून ही सोय. संगणकाच्या टंकात ती गरज उरली नाही आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्डही दोन जागा चूक म्हणून दाखवू लागलं. माझा अंगठा अजून दोनदा पडतो.

हाउस स्टाइलला मी 'पद्धत' म्हणतो. लग्नघरात 'आमच्यात अशी पद्धत आहे' म्हणतात ना, तशी.

प्रतिसाद

मी वकील आहे. पद्धत म्हणून सोडून देऊ नका, या स्वल्पविरामावर पैसे गेले आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. नाशवंत मालाची कोणती कामं ओव्हरटाइममधून वगळली आहेत त्याची कायद्यात यादी होती आणि तिचा शेवट असा होता: साठवणे, 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नाही. कंपनी म्हणाली, वितरण हे वेगळं काम आहे आणि तेही वगळलेलं आहे. चालक म्हणाले, इथे काम एकच, पॅकिंगचं, मग ते रवानगीसाठी असो वा वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, गाडी चालवतो.

२०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि संदिग्धतेचा फायदा कामगारांना दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की मेनच्या कायदे लिहिण्याच्या मार्गदर्शिकेतच हा स्वल्पविराम घालू नये असं सांगितलेलं होतं. म्हणजे लिहिणाऱ्याने आपल्या घरची पद्धत इमानाने पाळली होती. नंतर विधिमंडळाने ते कलम दुरुस्त केलं तेव्हा कामांच्या मध्ये अर्धविराम घातले. करारनामा लिहिताना मी 'चूक की बरोबर' हे बघतच नाही. याचा दुसरा अर्थ कोणी काढू शकेल का, एवढंच बघतो.

प्रतिसाद

सर, तुमचं म्हणणं पटतं, पण माझ्यापुढे आठवीची ५२ मुलं बसतात. त्यांना 'दोन्ही चालतं' म्हटलं की दोन्ही विसरतात. 'युवर्स फेथफुली'मध्ये निम्मी मुलं अपॉस्ट्रॉफी घालतात. ती कुठल्याच घरात चालत नाही. पत्त्याच्या प्रत्येक ओळीनंतर स्वल्पविराम देणं मात्र मी वर्षानुवर्षं सक्तीचं केलं होतं, आणि आता छापील पत्रांवर तो कुठे दिसत नाही. ज्यांचे मी त्यासाठी गुण कापले त्यांची आठवण आली की वाईट वाटतं.

माझ्या मनात हाउस स्टाइलसाठी एक शब्द आहे: घराणं. गाणं शिकताना आधी एकाच घराण्याची तालीम घ्यावी लागते. ग्वाल्हेरची तालीम झालेला गायक किराण्याच्या गायकाला 'चुकलास' म्हणत नाही, पण बेसूर लागला तर तो सगळ्या घराण्यांत बेसूरच. 'शी गो' हा बेसूर. 'अँड'आधीचा स्वल्पविराम हे घराणं. मुलांना मी एकच घराणं शिकवणार, फक्त त्याचं नाव सांगून शिकवणार.

प्रतिसाद

'घराणं' फार आवडला. पण बाई, सुराची जागासुद्धा कधीकधी सरकते. आज आपण 'इट्स'च्या षष्ठीत अपॉस्ट्रॉफी दिसली की कपाळाला हात लावतो. १७व्या-१८व्या शतकात चांगले लिहिते लोक ती सर्रास देत होते.

मी न्यू जर्सीत राहते. मुलीच्या वर्गातलं एक मूल स्वतःसाठी 'ही' किंवा 'शी' न वापरता 'दे' हे अनेकवचनी सर्वनाम वापरतं. घरी यावरून वाद झाला. एका माणसाला अनेकवचन, हे कसलं व्याकरण? मी म्हटलं, 'सर आले' असं आपण किती सरांबद्दल म्हणतो? एका माणसासाठी अनेकवचनी सर्वनाम आणि अनेकवचनी क्रियापद मराठी माणसाला जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीतही 'यू' मुळात अनेकवचनीच. आदराने एकाला वापरता वापरता त्याने 'दाउ'ला, म्हणजे जुन्या इंग्रजीतल्या 'तू'ला, बाजूला केलं, पण क्रियापद 'आर'च राहिलं. १८व्या शतकात एका माणसाला 'यू वॉज' म्हणणारे पुष्कळ होते, आणि रॉबर्ट लाउथ या बिशपांनी आपल्या १७६२ च्या व्याकरणात ते अशुद्ध ठरवलं. एकवचनी 'दे' तर १४व्या शतकापासून सापडतो. मधल्या काळात व्याकरणकारांनी त्याजागी 'ही' आणला आणि १८५० मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला, की कायद्याच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रिया धराव्यात. असोसिएटेड प्रेसने २०१७ मध्ये मर्यादित प्रसंगी 'दे'ला वाट दिली. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने २०१९ मध्ये स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीसाठीचा अर्थ कोशात घातला, आणि त्या वर्षाचा शब्द म्हणून 'दे'च निवडला. नवीन आहे तो एवढा शेवटचा अर्थ. बाकी सगळं फार जुनं आहे.

तुमच्या भाचीचंही खरं आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात हे तपासलं होतं. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की वाचणाऱ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिलं तर तसा फरक पडला नाही. मोबाइलवर निरोप पाठवला की वाक्य आपोआप संपतं, त्यामुळे वरून दिलेल्या टिंबाला वेगळा अर्थ चिकटतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. भाचीला आता टिंब देत नाही. अहवाल पाठवणाऱ्या संस्थेला लिहून विचारलं की तुमची पुस्तिका कोणती. त्यांच्याकडे कोणतीच नव्हती, तपासणाऱ्या गृहस्थांना शाळेत तसं शिकवलं होतं. आता कामाच्या पहिल्या पानावर मी स्वतःच लिहिते, 'घराणं: शिकागो'.

'सर आले'बद्दल मात्र थोडं अडतं. ते मी खरोखर वापरून पाहिलं. मागच्या महिन्यात उलट दिशेचं काम होतं, इंग्रजीतून मराठीत, आणि मजकुरात एका प्रौढ व्यक्तीसाठी सगळीकडे 'दे' होतं. आपलं आदरार्थी अनेकवचन वचनापुरतं धावून येतं, लिंगाच्या वेळी हात वर करतं. 'ते आले' म्हटलं तर पुरुष, 'त्या आल्या' म्हटलं तर स्त्री. मूल असतं तर 'ते मूल' म्हणून निभावलं असतं. 'व्यक्ती' हा शब्द पुरुषालाही चालतो म्हणून तो घेतला, पण पुढच्या वाक्यात 'ती म्हणाली' आलं की वाचणाऱ्याला बाईच दिसते. शेवटी क्रियापदं वर्तमानकाळात नेली, 'म्हणते' आणि 'म्हणतो' टाळायला 'यांचं म्हणणं असं' अशी रचना केली, आणि चार पानांत सर्वनाम एकदाही येऊ दिलं नाही. मजकूर उभा राहिला, पण चालताना अडखळतो. कोणी याहून बरी वाट काढली असेल तर वाक्यासकट सांगा.