डाळ मिलच्या पॅनेलला रेझिस्टिव्ह टच: ४ वायर का ५ वायर, अन् कंट्रोलर कोणता?

लातूर_पॅनेलवाला
नमस्कार मंडळी. मी लातूर एमआयडीसीत डाळ मिलसाठी वजन-पॅकिंगचे कंट्रोल पॅनेल बनवतो, आत रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर, वर ७ इंची स्क्रीन. आधी मोबाईलसारखी कपॅसिटिव्ह लावायचो, पण तुरीला तेल चोळायच्या दिवसात पोरांचे हात तेलकट, वरून भुशाची धूळ, कुणी हातमोजे घालून दाबायलंय तर कुणी पेनाच्या टोपणानं, स्क्रीन ऐकायचीच नाही. म्हणून मागच्या पॅनेलला ४ वायर रेझिस्टिव्ह (दाबावर चालणारी) लावली, एक्सपीटी२०४६ कंट्रोलरवाली (कंट्रोलर म्हणजे टच वाचणारी चिप). हातमोज्याचा प्रश्न मिटला पण दोन नवीन भानगडी झाल्यात. रोलरची मोटर सुरू झाली की बोट एकीकडं अन् पॉइंट भलतीकडंच उडतो. अन् आठ महिन्यांत खालचं स्टार्टचं बटण बोटभर वर सरकलंय, दर आठवड्याला कॅलिब्रेशन (बोट अन् पॉइंट जुळवणं) करायला मिलवर जावं लागतंय. ५ वायर घेऊ का? अजून चार पॅनेल द्यायचेत, सीझन तोंडावर आलाय, लवकर सांगा.

वाळूज_मेंटेनन्स
तुमच्या कामाला रेझिस्टिव्हच बरोबर, ते बदलू नका. फरक असा, की ४ वायरमध्ये खालची काच अन् वरची फिल्म दोन्हींवर आळीपाळीनं व्होल्टेज देतात, म्हणजे फिल्मवरचा थर एका जागी झिजला की मोजमापच वाकडं येतं. ५ वायरमध्ये व्होल्टेज फक्त काचेच्या चार कोपऱ्यांना असतं, फिल्म नुसती वाचायचं काम करते, त्यामुळं ती झिजली तरी पॉइंट सरकत नाही. साधारण ४ वायरचं आयुष्य १० लाख टच धरतात अन् ५ वायरचं साडेतीन कोटी. पण हे आकडे मऊ रबराच्या बोटानं दाबून काढलेले असतात, नखानं अन् धुळीच्या हातानं दाबलं तर तेवढं मिळणार नाही.
एक ध्यानात ठेवा, एक्सपीटी२०४६ ला ५ वायर चालत नाही. कंट्रोलर पण बदलावा लागेल. मायक्रोचिपचा एआर११०० आहे, तो ४, ५, ८ तिन्ही वायर घेतो, यूएसबीवर बसतो अन् कॅलिब्रेशन स्वतःच्या मेमरीत ठेवतो, त्यामुळं एसडी कार्ड बदललं तरी परत करायची गरज नाही.

नांदेड_एम्बेडेड
थांबा, स्क्रीन बदलायच्या आधी हिशोब तर करा. दिवसाला किती पोती?

लातूर_पॅनेलवाला
६०० च्या आसपास. पोत्यामागं एकदा स्टार्ट.

नांदेड_एम्बेडेड
मग महिन्याचे २५ दिवस धरले तर आठ महिन्यांत १ लाख २० हजार टच झाले. एवढ्यात फिल्म झिजून बोटभर पॉइंट सरकेल असं मला तरी वाटत नाही. वरची बटणं बरोबर लागतात का? लागत असतील तर बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) काढून बघा. रेझिस्टिव्हला एका वेळी दोन जागी दाब आला की तो दोन्हींच्या मधलाच पॉइंट देतो, त्याला दोन बोटं कळतच नाहीत. कडेला काही अडकलं असंल तर असंच होतं.
मोटरचं म्हणाल तर आधी वायरिंग. टचची पट्टी (चपटी केबल) आखूड ठेवा, मोटरच्या ड्राइव्हच्या केबलपासून लांब न्या, रास्पबेरी पायला वेगळी पॉवर सप्लाय द्या, अर्थिंग नीट बघा. मग सॉफ्टवेअर. टीएसलिब (टचचं रीडिंग गाळणारं सॉफ्टवेअर) च्या कॉन्फ फाईलमध्ये बहुतेक जण नुसतं लिनिअर मॉड्यूल (कॅलिब्रेशन लावणारं) ठेवतात, त्याच्याआधी पीथ्रेस अन् मीडियन टाका. पीथ्रेस हलका दाब फेकून देतं, मीडियन मधेच उडालेला एखादा पॉइंट काढून टाकतं. डीजिटर (पॉइंटची थरथर कमी करणारं) पण टाका, पण जास्त ताणू नका, टच आळशी वाटतो. लाइनवर कपॅसिटर लावणार असाल तर छोटा लावा अन् ड्रायव्हरमध्ये सेटलिंगला वेळ वाढवून द्या, नाहीतर व्होल्टेज स्थिर व्हायच्या आधीच रीडिंग घेतलं जातं अन् सगळंच चुकतं.

जालना_इलेक्ट्रिशियन
स्टॉप आणि इमर्जन्सी कुठलीच टचवर ठेवू नका भाऊ, मशीनला हात अडकला तर माणूस स्क्रीनवर बटण शोधत बसणार का. लाल मशरूम बटण बाहेर, थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सर्किटमध्ये. मी तर म्हणतो स्टार्ट पण पुश बटणच द्या, दिवसाला सहाशे वेळा दाबायची गोष्ट टचवर ठेवायचीच कामून? टच वजन सेट करायला अन् हिशोब बघायला राहू द्या.

लातूर_पॅनेलवाला
काल मिलवर जाऊन बेझल खोललं. खालच्या कडेला फिल्म अन् पत्र्याच्या मधी भुसा गच्च बसला होता, तेलानं पार लगदा झालेला. ब्रशनं साफ केला, एकदा कॅलिब्रेशन केलं, स्टार्ट जागेवर आलं. पत्र्याची कड थेट फिल्मवर टेकत होती ही माझीच चूक. आता फोमची पट्टी टच भागाच्या बाहेर लावून वरून पॉलिएस्टरचा शीट चिकटवतो. पीथ्रेस अन् मीडियन टाकल्यावर मोटर सुरू असताना पॉइंट उडायचा थांबलाय, पण पट्टी अजून ड्राइव्हच्या केबलजवळूनच जाते, ती उद्या हलवतो. स्टॉप आधीपासून बाहेरच हाय, स्टार्ट पण बाहेर घेतो. मग चारही पॅनेलला ४ वायरच ठेवू ना?

वाळूज_मेंटेनन्स
स्टार्ट बाहेर गेलं तर ४ वायर पुरे. फक्त एक जादा स्क्रीन मिलवाल्याकडं ठेवून द्या, सीझनमध्ये तुमची वाट बघत पोती थांबायला नकोत.