‘फ्रेट ओव्हर’ म्हणजे काळजी घेणं का? (सोसायटी ग्रुप, लातूर)

ए-३०२, ताई : सर, एक मदत पाहिजे. लेकीनं बारावीच्या इंग्रजी निबंधात ‘माय मदर फ्रेट्स ओव्हर मी’ असं लिहिलंय. त्यावर लाल गोल आलाय. ती म्हणते बरोबर आहे. मोबाइलवर बघितलं तर अर्थ ‘काळजी’च दाखवतोय.

सी-१०१, वहिनी : घोर करणं म्हणतो आपण, तेच का हे?

बी-२०४, सर : वहिनींनी नेमका शब्द धरला. ताई, आपल्याकडं काळजी दोन तऱ्हेची. एक घ्यायची, एक करायची. ताप आल्यावर कपाळावर पट्ट्या ठेवणं ही घेतलेली काळजी. तिला ‘लुक आफ्टर’ किंवा ‘टेक केअर ऑफ’. ताप उतरला तरी रात्रभर अंगाला हात लावून बघत राहणं हा घोर. तो ‘फ्रेट ओव्हर’. मोबाइल दोन्हीला एकच शब्द देतो, घोळ तिथंच होतो.

जुन्या इंग्रजीत ‘फ्रेटान’ म्हणजे खाऊन टाकणं. जनावराच्या खाण्याला जर्मनमध्ये आजही ‘फ्रेसेन’ म्हणतात, ते ह्याचंच भावंड. चिंता आतून खाते, असं आपणही म्हणतोच की. ‘वरी’चं मूळ तर गळा आवळण्यात आहे.

ए-३०२, ताई : खाण्याचं लक्षात राहील. पण वापरायचं कुठं?

बी-२०४, सर : २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण आटलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. टँकर कधी सांगायचा, घरटी किती घागरी, हे आपण सगळ्यांनी जिन्यात बसून ठरवलं. ते ‘थिंक ओव्हर’. त्यात शेवटी काहीतरी ठरतं. पण मी रात्रीतून दोन-तीनदा गच्चीवर जायचो, टाकीचं झाकण उचलायचो, बॅटरी मारून बघायचो. पाणी तेवढंच असायचं. खाली येऊन पडलं की परत तेच डोक्यात. ते ‘फ्रेट ओव्हर’.

डी-४०३, दादा : मी पण जायचो सर. एकदा झाकण नीट बसलं नव्हतं, तेव्हा कळलं की अजून कुणीतरी येऊन गेलंय.

बी-२०४, सर : तो मीच असणार. बरं, व्याकरणाचं एक राहिलं. ‘थिंक इट ओव्हर’ चालतं, पण ‘फ्रेट इट ओव्हर’ चालत नाही. ‘फ्रेट ओव्हर इट’ असंच. ‘फ्रेट अबाउट’ पण चालतं.

सी-१०१, वहिनी : आणि ‘डोन्ट फ्रेट’?

बी-२०४, सर : घोर करू नको.

ए-३०२, ताई : मग तिला ‘लुक्स आफ्टर मी’ लिहायला सांगते.

ए-३०२, ताई : काका, मी बोलतेय, आईच्या फोनवरून. मला ‘काळजी घेते’ म्हणायचंच नव्हतं. ती घेतेच. पण नीटचा सराव पेपर असला की आई रात्री उठून माझ्या दारात येऊन उभी राहते. लाइट लावत नाही, बोलत नाही. मी डोळे मिटून पडलेली असते. मला ते लिहायचं होतं.

बी-२०४, सर : मग वाक्य बरोबर आहे बाळा, खोडू नकोस. फक्त दारात उभं राहण्याचं पुढच्याच वाक्यात येऊ दे, म्हणजे तपासणाऱ्यालाही कळेल.

ए-३०२, ताई : मला वाटायचं तू झोपलेली असतेस.