मुलांसाठी निसर्गाची सचित्र माहितीपुस्तके : आपल्या अंगणाशी जुळणारी कशी निवडावीत?

अबोली (डिचोली)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी तिसरीत, मराठी माध्यमात शिकते. वाढदिवसाला तिला प्राणी-पक्ष्यांची तीन मोठी सचित्र पुस्तके भेट मिळाली. कागद जाड, चित्रे देखणी, मजकूर मात्र भाषांतरित. मागच्या आठवड्यात तिने कावळा काढला आणि तो नखशिखांत काळा रंगवला. खरा कावळा त्या वेळी समोरच्या माडाच्या झावळीवर बसला होता आणि त्याची करडी मान स्पष्ट दिसत होती. मी ती दाखवली, तर म्हणाली, "पण पुस्तकात तर काळाच आहे." रॉबिनच्या बाबतीतही तेच झाले. पुस्तकातला रॉबिन नारिंगी छातीचा, तर आमच्या कुंपणावर शीळ घालणारा दयाळ, ज्याला इंग्रजीत 'मॅगपाय रॉबिन' म्हणतात, तो काळा-पांढरा.

मला गोष्टी नकोत, माहिती देणारी सचित्र पुस्तके हवी आहेत, आणि शक्यतो मराठीत. ती पारखावीत कशी? आणि ही भेट मिळालेली पुस्तके बाजूला ठेवावीत का?

खडूफळा (फोंडा)

अबोलीताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते. पुस्तके बाजूला ठेवू नका. तुमच्या पुस्तकातला कावळा चुकीचा नाही, तो परमुलखातला आहे, एवढेच. आपल्याकडेही डोमकावळा पूर्ण काळा असतो. घराजवळ वावरणाऱ्या साध्या कावळ्याची मानच तेवढी करडी असते. दोन्ही कावळे दाखवून फरक शोधायला सांगितले, तर तेच पुस्तक उपयोगी पडते.

मात्र जिथे चित्रच खोटे असते, तिथे मी पुस्तक वर्गात नेत नाही. एका पुस्तकात समुद्रकासवाची मादी पिल्लांना मागे घेऊन पाण्याकडे निघालेली दाखवली होती. आपल्या गोव्यात मोरजीच्या किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर वाळूत अंडी घालणारी ऑलिव्ह रिडले जातीची मादी खड्डा बुजवून त्याच रात्री समुद्रात परतते. पिल्ले साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात आणि आईविनाच पाण्याकडे धावतात. ते चित्र गोड होते हे मान्य, पण त्यामुळे मुलांच्या मनात कासवाचे अख्खे आयुष्यच चुकीचे बसते.

फुलपाखराच्या बाबतीत तर ही चूक सर्रास दिसते. रेशमी धाग्यांनी गुंडाळलेला कोश आणि त्यातून डोकावणारे फुलपाखरू असे चित्र काढले जाते, पण तसा रेशमी कोश अनेक पतंगांच्या अळ्या विणतात. आमच्या वर्गात आम्ही कढीपत्त्याची फांदी पाण्यात ठेवून त्यावर बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या वाढवल्या होत्या. सुरुवातीला त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या तपकिरी-पांढऱ्या दिसत होत्या, त्यामुळे दोन मुलांनी फांदी टाकून द्यायची तयारी केली होती. शेवटची कात टाकल्यावर त्याच अळ्या हिरव्यागार झाल्या, आणि काडीने हलकेच स्पर्श करताच डोक्यामागून लालसर, दुफाटी, उग्र वासाचा अवयव बाहेर काढू लागल्या. पुढे अळीने फांदीला टेकून कंबरेभोवती एकच धागा बांधला आणि तिच्या कातडीखालून उघडा कोश प्रकट झाला. तेव्हापासून फुलपाखराचे कोणतेही पुस्तक हाती आले, की मी आधी तो कंबरेचा धागा शोधते. तो काढलेला असेल, तर चित्रकाराने कोश प्रत्यक्ष पाहिला आहे, असे धरून चालते.

शाईबोरू (मडगाव)

मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो, त्यामुळे माझा कल सांगायलाच नको. तरीही, छायाचित्रांचे पुस्तक अधिक खरे असते ही समजूत पालकांनी सोडून द्यावी, असे मला वाटते. छायाचित्रात एक पक्षी, एका क्षणी, एका उजेडात सापडतो. पंखावरचा पांढरा पट्टा सावलीत गेला, की मुलाला तो कधीच कळत नाही. चित्रकार मात्र ओळखीची खूण दिसेल अशा बेताने पक्षी बसवू शकतो.

खरी अडचण आकाराची आहे. आपल्याकडचा लहान खंड्या जेमतेम चिमणीएवढा असतो, तर घोंग्या खंड्याची लांबी सुमारे ३८ सेंटिमीटर भरते, परंतु पुस्तकात दोघांनाही पान-पान मिळते आणि मुलाच्या मनात ते एकाच मापाचे होतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पक्षिपुस्तकात हा पेच साधेपणाने सोडवला होता. पक्षी चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेपेक्षा मोठा की कावळ्यापेक्षा लहान, अशा ओळखीच्या मापांत ते आकार सांगत. तेव्हा मुलांच्या पुस्तकात प्राण्याशेजारी तळहात, काडेपेटी किंवा चिमणी काढलेली आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर पट्टी घेऊन जमिनीवर खडूने खरी लांबी आखावी. ३८ सेंटिमीटरचा खंड्या फरशीवर पाहिला, की मूल चकितच होते.

माटोळी (वाळपई)

वरच्या दोघांशी मी सहमत आहे. भर घालायची ती नावांची.

गवा हा गोव्याचा राज्यप्राणी, आणि आमच्या सत्तरी तालुक्यात तो बागायतीत उतरला की घरबसल्या दिसतो. भाषांतरित पुस्तकांत त्याचा कधी 'बायसन' होतो, कधी 'गवारेडा'. बायसन अमेरिकेत आणि युरोपात आढळतो, आणि गवा हा रेडा नव्हे, तो गाय-बैलांच्या जवळचा. एका नावाने प्राण्याचे कूळच बदलते. त्यामुळे पुस्तक चाळताना ओळखीच्या चार-पाच प्राण्यांची नावे आधी तपासा. तिथे घोळ असेल, तर अनोळखी नावांवर विसंबू नका.

नातवंडांच्या पुस्तकांत मी प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने कोंकणी नावही लिहून ठेवतो. हे काही माझे खूळ नाही. आम्सटरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापल्या गेलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या सचित्र वनस्पतिग्रंथासाठी रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोंकणी वैद्यांनी साह्य केले होते, आणि त्यात वनस्पतींची कोंकणी नावे नागरी लिपीत आली आहेत.

आणि ताई, चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळा-फुलांची माटोळी बांधताना मुलीला पुस्तक घेऊन खाली बसवा. माट्टीची फळे, कांगला, कवंडळ, घागऱ्या, वाघनखी यांतले किती त्या पुस्तकात सापडते, ते तिलाच मोजू द्या. आमच्याकडच्या सर्वांत महागड्या पुस्तकात एकही सापडले नाही.

पाटोकाठ (पणजी)

विकत घेण्याआधी पणजीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पाटो येथील इमारतीतला बालविभाग पाहावा. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके स्वस्त असतात आणि मराठीतही निघतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी सचित्र पुस्तके विनामूल्य वाचता येतात. मात्र तिथे भाषांतराचा दर्जा एकसारखा नाही, म्हणून आधी स्वतः वाचून मगच मुलीला द्यावीत.

अबोली (डिचोली)

सर्वांचे मनापासून आभार. काल खडूने खंड्या आखला. आता तिला गव्याची लांबी आखायची आहे, आणि आमची पडवी त्याला अपुरी पडेल असे दिसते. खडूफळाताई, एक शंका आहे. आमच्याकडे कढीपत्ता नाही, कागदी लिंबाचे झाड आहे. त्यावर त्या अळ्या मिळतील का?

खडूफळा (फोंडा)

मिळतील. कोवळ्या पानांवर, वरच्या बाजूला शोधा. झाडावर औषध फवारलेले नसावे, आणि फांदीच्या बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, नाहीतर अळ्या उतरून पाण्यात पडतात. आमच्या पहिल्या दोन तशाच गेल्या.