लकव्याला सहा महिने झाले, आता फिजिओ बंद करायची?

सातारकर
'सहा महिन्यांत जे व्हायचं ते होतं, पुढे काही नाही.' लकव्याच्या पेशंटच्या घरी हे ऐकवतात आणि फिजिओ बंद होते. माझ्या मते ही मुदत बिनबुडाची आहे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयात लकव्याच्या जुन्या पेशंटांकडून 3 आठवड्यांत 90 तास हाताचं काम करून घेतात. 2019 मध्ये त्यांनी 224 जणांचे निकाल छापले. हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पाहिलं तरी सुधारणा टिकून होती.

हिशोबी
त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, ते कोण सांगणार? अमेरिकेतला 2021 चा 'सीपास' हा अभ्यास बघा. 72 पेशंट, 20 तास जादा सराव. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिला त्यांना सगळ्यात जास्त फायदा, सहा महिन्यांनंतर दिला त्यांना म्हणण्यासारखा नाही. एफडी मोडायचीच तर आधी मोडा.

सातारकर
20 तासांत काय दिसणार? मी 90 म्हणतोय.

स्पीचवाली
हाताचं राहू द्या, बोलण्याचं घ्या. जर्मनीत 2017 मध्ये 156 जणांवर अभ्यास झाला, सगळ्यांची वाचा जाऊन किमान सहा महिने झालेले. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. ज्यांना थेरपीसाठी थांबवून ठेवलं त्यांचं नाही. (तुलनेचा गट होता हो, हिशोबीराव!) आपल्याकडे आठवड्यातून दोनदा अर्धा तास, त्यातही दहा मिनिटं पेशंटला खुर्चीत नीट बसवण्यात जातात. माझ्या एका पेशंटला 'चहा' म्हणायचं असतं, तोंडातून 'चावी' निघतं. तो पुन्हा प्रयत्न करणार, तेवढ्यात बायको कप पुढे करते. मग बोलेल कशाला?

हिशोबी
ताई, आठवड्याला दहा तास परवडणार कुणाला? 'घरच्यांना शिकवा' म्हणाल, तर तेही करून झालंय. 'अटेंड' नावाचा अभ्यास, 2017, भारतातलीच 14 रुग्णालयं, 1250 पेशंट. घरच्यांना शिकवलं काय, न शिकवलं काय, सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत काही फरक नाही.

स्पीचवाली
ते शिकवणं रुग्णालयात सुरू होऊन दोनेक महिन्यांत संपलं होतं. म्हणजे तुमच्याच 'लवकर करा'ला धक्का बसला की!

हिशोबी
धक्का कसला? शिकवलं सुनेला नि मुलाला. मी म्हणतो पैसे तज्ज्ञावर घाला. सहा महिन्यांनंतर द्यायचंच असेल तर तीन आठवडे सलग द्या, आधी-नंतर मोजा, हललं नाही तर थांबा. पाच-पाच वर्षं तेल लावून मालिश चालते, तिला मी फिजिओ म्हणत नाही.

सातारकर
मालिशपुरतं एकमत. सलग तीन आठवडे ठेवून घेणारं केंद्र पुण्याच्या पुढे कुठे आहे, ते सांगा आता.