शब्दचर्चा : 'उरामी'ला मराठीत काय म्हणावं?

मेइको काजी या जपानी अभिनेत्रीने १९७२ साली गायलेलं 'उरामी बुशी' सध्या रोज ऐकते आहे. 'बुशी' म्हणजे गाणं. अडलंय ते 'उरामी'पाशी. 'सूड' मला पटत नाही. सूड उगवला की संपतो. उरामी त्याच्या कितीतरी आधीपासून मनात दबा धरून असते.

काजी शाळकरी वयात मॉडेलिंग करायच्या. मूळ नाव मासाको ओता. १९६५ मध्ये निक्कात्सु स्टुडिओत आल्या, १९६९ मध्ये नाव बदललं. पण लोकांच्या डोळ्यांसमोर आजही उभी राहते ती, हे गाणं ज्या सिनेमांतलं आहे त्यांतली त्यांची 'सासोरी', म्हणजे विंचू : ज्या पोलिसावर जीव लावला त्यानेच दगा दिला म्हणून तुरुंगात गेलेली बाई. सिनेमा ज्या चित्रकथेवर बेतला, तिच्यातली सासोरी शिवराळ आहे. काजींनी तिला जवळजवळ मुकी केली आणि सगळं काम डोळ्यांवर सोपवलं. कॅमेऱ्यापुढे निश्चल राहण्याची जुनी सवय इथे उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं. त्या नजरेला मराठी शब्द हवाय.

— 'खुन्नस' चालेल का? 'खुन्नस देणे' म्हणजे डोळे रोखून बघणंच.

— नजरेपुरता अगदी चपखल. पण खुन्नस नाक्यावर अनोळखी माणसालाही देता येते. उरामीला कारण लागतं, आणि बहुतेकदा ते जवळच्याच माणसाने दिलेलं असतं.

— थोडं जपानीतलं सांगतो. जुन्या कवितेत कुद्झूच्या वेलीवर या शब्दाचा श्लेष येतो. वाऱ्याने पान उलटलं की त्याची पांढुरकी मागची बाजू दिसते. 'उरा' म्हणजे मागची बाजू, 'मि' म्हणजे पाहणं. दोन्ही मिळून पुन्हा 'उरामी'. ताई, मला 'अढी' सुचते. आंब्याची अढी घालतात, तशी मनातलीही झाकल्या जागी पिकते.

— पान उलटण्याची प्रतिमा फार आवडली, आभारी आहे. पण अढी सौम्य वाटते हो. लग्नात मानपान झाला नाही तरी अढी बसते. 'आकस' त्याहून कडू, पण त्यात हेवा मिसळतो. 'सल' स्वतःलाच टोचतो, समोरच्याला त्याचा धाक नाही. मी 'डूख'वर येऊन थांबले आहे. डूख नाग धरतो, विंचू नाही, हे खरं. पण आधी दुखावलं जाणं, मग चेहरा लक्षात ठेवणं, मग गप्प राहून वाट पाहणं, हे तिन्ही त्यात आहे. १९७३ च्या 'शुरायुकिहिमे' या सिनेमातही काजी हेच करतात.

— डूख मान्य. पण गाण्याच्या नावाचं काय? रोजच्या जपानीत 'उरामी-बुशी' म्हणजे तक्रारीचा सूर. आपल्याकडे 'गाऱ्हाणं गाणे' आहेच, त्यात गाणंही आलं.

— हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! जात्यावर बायका सासरची गाऱ्हाणी ओव्यांतूनच गात. मग बाईसाठी 'डूख', आणि गाण्यासाठी 'गाऱ्हाणं'.