‘ईश्वरप्रणिधान’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न: पातंजल योगसूत्रांत हा शब्द पहिल्या पादात (प्रकरणात) समाधीचा उपाय म्हणून (१.२३, म्हणजे पाद १, सूत्र २३) आणि दुसऱ्या पादात क्रियायोगाचे (तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या साधनेचे) अंग व पाचवा नियम (अष्टांगयोगातील वैयक्तिक आचारांपैकी पाचवा) म्हणून येतो; दोन्हीकडे अर्थ एकच घ्यावा का?

उत्तर १: व्यासभाष्यात (योगसूत्रांवरील प्राचीन टीकेत) दोन छटा आहेत. पहिल्या पादात ते विशेष भक्ती मानले आहे, तर २.१ वर सर्व क्रिया परमगुरूला अर्पण करणे किंवा त्यांच्या फळाचा त्याग करणे, असा अर्थ दिला आहे. हा ‘किंवा’ मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर २: सूत्रांतला ईश्वर सृष्टिकर्ता म्हणून मांडलेला नाही, क्लेश (अविद्या इत्यादी मनाचे दोष), कर्म, विपाक (कर्माचे फळ) आणि आशय (साठलेले संस्कार) यांचा स्पर्श नसलेला तो पुरुषविशेष, म्हणजे एक विशेष चेतन तत्त्व आहे (१.२४). म्हणून प्रणिधानाचा अर्थ पूजाविधी असा करू नये. साधना १.२८ मध्ये आहे: प्रणवाचा (ॐकाराचा) जप आणि त्याच्या अर्थाचे भावन (चिंतन). ओठांवर ॐ असताना मन उद्याच्या कामांत गुंतले असेल, तर भावन घडले नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग नियमाचा समाधीशी संबंध कसा लावावा?

उत्तर १: २.४५ पाहावे, तेथे या नियमाचे फळ समाधिसिद्धी हेच सांगितले आहे.